सासऱ्यांना नरक दाखवला

माझ्या सासऱ्यांना जगात एकच गोष्ट मनापासून आवडते, ती म्हणजे दुसऱ्याची चूक. वीजखात्यात छत्तीस वर्षं ते इंजिनिअर होते. तिथे त्यांनी इतक्या जणांच्या चुका काढल्या, की निरोपसमारंभात भाषणाला कुणी उभं राहीना. शेवटी ते स्वतःच उठले आणि स्वतःबद्दल पाऊण तास चांगलं बोलले. सासूबाईंचं वर्षश्राद्ध उरकून ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला आले, तेव्हा हा सगळा देश त्यांनी तपासणीला आल्यासारखा हाती घेतला.

आम्ही तोआ पायोहला नवव्या मजल्यावर राहतो. पहिल्या आठवड्यातच त्यांनी निकाल दिला: नळाचं पाणी जरुरीपेक्षा स्वच्छ आहे, त्याने पोटाची सवय मोडते. बस वेळेवर येते, त्यामुळे स्टॉपवर कुणाशी ओळख होत नाही. आणि जिन्यातल्या बल्बची जागा चुकली आहे. तो बल्ब कुठे हवा होता याची आकृतीही त्यांनी काढून ठेवली होती.

मग चिन्यांचा सातवा महिना लागला. या महिन्यात नरकाचे दरवाजे उघडतात आणि भुतं सुट्टीवर येतात, असं इथे मानतात. आमच्या ब्लॉकखाली मोठाली पत्र्याची पिंपं आली. संध्याकाळी लोक त्यात कागदाच्या गड्ड्या जाळायला लागले, फुटपाथच्या कडेला संत्री, भात, उदबत्त्या मांडायला लागले. एके दिवशी बाबा फिरून आले ते पांढऱ्या शर्टावर काळी राख घेऊन.

"इथे चॉकलेटचा कागद टाकला तर दंड," ते म्हणाले, "आणि ही राजरोस जाळपोळ चालते?"

"भुतांसाठी असतं ते, बाबा. घरच्यांसाठीही आणि बेवारशांसाठीही."

"म्हणजे आपला पितृपक्ष."

"तसंच काहीसं."

"मग मी त्या कठड्यावर कावळ्यासाठी घास ठेवला तर?"

"दंड होईल. पक्ष्यांना खायला घालायची बंदी आहे इथे."

त्यांनी चष्मा काढला. "वा! म्हणजे यांची भुतं जेवणार आणि आपले पितर उपाशी." त्या रात्री जेवणाआधीच त्यांनी सरकारला पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा चार पानी झाला. आम्ही इथे परके नागरिक आहोत, आमचा पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज दोनदा परत आलाय, आणि अशा वेळी घरातून सरकारला चार पानं जाणं बरं नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना कुठेतरी गुंतवणं भाग होतं.

मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी चिनी मैत्रीण गेली कित्येक वर्षं माझ्या डब्यातली थालीपिठं खाते आहे, त्यामुळे तिला मी काहीही सांगू शकते. तिला पत्राचं सांगितलं. ती म्हणाली, "शनिवारी सकाळी त्यांना माझ्या आईकडे पाठव. ती एका मोठ्या देवळात येणाऱ्यांना नरक दाखवते. तिलाही लोकांना रागवायला फार आवडतं. दोघांचं जमेल."

शनिवारी नवऱ्याने पाया लेबारच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असल्याचं जाहीर केलं. वडलांना कुठे न्यायचं म्हटलं की त्याच्या कंपनीत रिलीज असतोच. मुलगी तेरा वर्षांची. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "हेल? शाळेतून नेलेलं, मम्मी. सो बोरिंग लाह." तेव्हा सासरे आणि सून, अशी आम्ही दोघंच नरकात गेलो.

देवळाचा परिसर म्हणजे एक छोटी वसाहतच होती. पुढे लाल-सोनेरी मुख्य देऊळ, मागे अस्थी ठेवायची सहा मजली इमारत, आणि बाजूला भुयारासारखी लांबट इमारत, तिच्यात नरकाचे दहा दरबार. अस्थींची इमारत वातानुकूलित. एकावर एक कप्पे, प्रत्येकाला नंबर, कोपऱ्यात लिफ्ट. माणूस आयुष्यभर ज्या प्रकारच्या ब्लॉकमध्ये राहिला, मेल्यावर त्याच प्रकारच्या ब्लॉकमध्ये येतो, फक्त खोली लहान मिळते.

मैत्रिणीची आई, म्हणजे आंटी, दारातच उभी होती. सत्तरी ओलांडलेली, चणीने लहान, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशासाठी, ते लगेच कळलं: बाबा उंबऱ्यावर पाय देऊन आत गेले आणि ती वाजली.

"अंकल! उंबरा ओलांडायचा. त्यावर उभं नाही राहायचं. बाहेर जा, परत या."

माझ्या लग्नापासून बाबांना कुणी परत या म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते निमूट बाहेर गेले आणि परत आले.

आत शिरताच दोन पुतळे दिसले. एक उंच, पांढऱ्या झग्यातला, जीभ छातीपर्यंत लोंबणारी. दुसरा बुटका आणि काळा, हातात साखळी. हे नरकाचे शिपाई, मेलेल्याला घेऊन जायला तेच येतात. त्यांच्या पुढ्यात काळ्या बिअरचे डबे होते आणि उंचाच्या ओठांत कुणीतरी पेटती सिगारेट खोचली होती.

"देवाला बिअर?" बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले.

"गावच्या म्हसोबाला तुम्ही कोंबडं देता ना?"

"मी देत नाही. चुलतभाऊ देतो. मी फक्त खातो."

दहा दरबारांमध्ये दहा राजे, प्रत्येकासमोर मेलेल्यांची रांग आणि शिक्षा. पुतळे माणसाच्या अर्ध्या उंचीचे, रंग ताजा, रक्त भरपूर. चहाड्या करणाऱ्यांची जीभ उपटत होते. अन्न टाकणाऱ्याला जात्यात भरडत होते. परीक्षेत कॉपी करणाऱ्याचं आतडं काढत होते. ते पाहून आमच्या मुलीची शाळा तिला इथे का घेऊन आली असेल, ते कळलं.

बाबा खूश झाले. शेवटी त्यांना असं एक खातं भेटलं होतं, जिथे सगळ्यांच्या चुका नीट काढल्या जात होत्या. ते प्रत्येक पाटी वाचत, हात मागे बांधून पुढे सरकत. "दहाच?" ते आंटींना आपल्या कडक इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे अठ्ठावीस आहेत."

"अठ्ठावीस?" आंटी विचारात पडल्या. "इंडिया मोठा देश ना. माणसं जास्त."

एका पुतळ्यापाशी त्यांनी मुद्दाम थांबून पाटी मोठ्याने वाचली. वडीलधाऱ्यांचा अनादर करणाऱ्यांचं काळीज इथे कापून काढतात. "सूनबाई, वाच," ते मला म्हणाले. "चांगली व्यवस्था आहे."

मी आंटींना विचारलं, "आणि सासऱ्यांसाठी काही?"

"आहे ना," आंटी म्हणाल्या. "सगळ्यांसाठी आहे. फुकट कुणी जात नाही."

पाचव्या दरबारात एक काळ्या चेहऱ्याचा राजा बसला होता. आंटींनी त्याचं नाव सांगितलं, ते कानाला ओळखीचं वाटलं. बाबांनी दोनदा म्हणवून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हा यम! हा आपला यम आहे!"

तो खरंच आपलाच निघाला. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनला गेला, तिथून बोटीने इथे आला. बाबांची छाती फुगली. आपला माणूस परदेशात वरच्या हुद्द्यावर आहे हे कळल्यावर मराठी माणसाची जशी फुगते, तशी. मला मात्र एवढंच वाटलं, की यमाला इथे पीआर मिळाला आणि माझ्या नवऱ्याला मिळत नाही.

"मग हा पाचवा का?" बाबांनी विचारलं. "मुख्य तर हाच. पहिला हवा."

"आधी पहिलाच होता," आंटी म्हणाल्या. "पण फार मऊ होता. मेलेले रडायचे, याला दया यायची, हा सोडून द्यायचा. वरच्यांना कळलं. मग खाली पाठवला. पाचव्या नंबरवर."

बाबांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. ज्या माणसाने आयुष्यात एकाही कनिष्ठाला सोडलं नाही, त्याला आपला देव लोकांना सोडतो म्हणून शिक्षा भोगतोय, हे कसं घ्यायचं ते कळेना. "डिमोशन," एवढंच ते पुटपुटले.

त्याच दरबारात, यमाच्या मागे, डोंगरासारखा एक चौथरा केला होता. वर पायऱ्या. पायऱ्यांवर दोन-तीन छोटे पुतळे कपाळाला हात लावून लांब कुठेतरी पाहत होते. इथे रक्त नव्हतं, म्हणून बघणारे तिथे थांबत नव्हते. बाबा थांबले.

"हे काय?"

"इथून घर दिसतं," आंटी म्हणाल्या. "मेलेला माणूस वर चढतो आणि शेवटचं आपलं घर बघतो. काय करतात, काय बोलतात, सगळं दिसतं. ऐकूही येतं."

"किती वेळ बघू देतात?"

"थोडा वेळ. मागे रांग असते ना."

"आणि घरचे काय करत असतात त्या वेळी?"

"भांडत असतात," आंटी म्हणाल्या. "बहुतेक फ्लॅटवरून."

मी हसले. बाबा हसले नाहीत. मग माझंही हसू ओसरलं, कारण आम्ही त्या वेळी काय करत होतो, ते मला आठवलं.

सासूबाई पक्षाघाताने गेल्या, चार दिवसांत. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या बोलत नव्हत्या. त्यांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तसे कावळे समोर लिंबावर ओळीने बसले होते, पण एकही खाली येत नव्हता. मग नेहमीचं सुरू झालं. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल, ती पुरी करू असं सांगायचं. माझी नणंद म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." कावळा हलला नाही. नवरा म्हणाला, "बांगड्या नातीला देऊ." नाही. जाऊबाईंनी बांगड्यांचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला, तेवढंच. बाबा गुरुजींशी दर्भ ओला की कोरडा हवा यावरून वाद घालत होते. मी दोन पायऱ्या वर उभी राहून ऑफिसच्या मेलला उत्तर देत होते. तासाभराने दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी जाऊन जेवलो.

त्यांची इच्छा काय होती, ते मला माहीत होतं. बाबांनाही. सात वर्षांपूर्वी सासूबाईंनी शेजारणीला बरोबर घेऊन, कुणाला न सांगता पासपोर्ट काढला होता. सिंगापूरला येण्यासाठी. बाबा त्यातला फोटो पाहून म्हणाले होते, "या फोटोवर तुला नेपाळातही घेणार नाहीत." पहिली पाच वर्षं बाबा म्हणाले, तिथे काय ठेवलंय? मग ते तयार झाले, तेव्हा मी म्हणाले, आई, आमच्या फ्लॅटचं काम चाललंय, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी मुलीची सहावीची परीक्षा. इथे त्या परीक्षेच्या वर्षात घरात पाहुणा म्हणजे गुन्हा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "होऊ दे गं तिची परीक्षा, मी काय, कधीही येईन." पासपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली राहिला. त्यावर एकही शिक्का नाही. आणि घाटावर तो कावळा समोर बसलेला असताना त्यांना सिंगापूरला यायचं होतं, हे आम्हा दोघांपैकी कुणीही उच्चारलं नाही. उच्चारलं असतं, तर का आणलं नाही, तेही सांगावं लागलं असतं.

आम्ही चौथऱ्यापाशी किती वेळ उभे होतो कोण जाणे. आंटींनी शिट्टी वाजवली. "पुढे चला, अंकल. मागे रांग आहे."

दहाव्या दरबारात एक म्हातारी कढईतून मेलेल्यांना कसलंसं सूप वाढत होती. ते प्यायलं की मागचं सगळं विसरायला होतं आणि मग पुन्हा जन्म. बाबांनी विचारलं, "नको म्हटलं तर चालतं?" आंटी म्हणाल्या, "काही जण पितच नाहीत. तोंडात धरतात आणि पुढे जाऊन थुंकतात." बाबांनी मान हलवली. सासूबाई कुणी दिलेलं काही थुंकणाऱ्यांतल्या नव्हत्या. हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

बाहेर भट्टीजवळ कागदी वस्तूंचं दुकान होतं. जे जाळाल, ते मेलेल्याला पोचतं. कागदी सूट, कागदी मोटार, कागदी मोबाइल चार्जरसकट, कागदी कुत्रा, आणि नरकाच्या बँकेच्या नोटांच्या चळती. माझं बँकेतलं काम हा पैसा आला कुठून, हे विचारण्याचं आहे. त्या बँकेला असलं काही कुणी विचारत नसावं, नोटा बघूनच कळत होतं. बाबांनी एक कागदी एसी उचलला, उलटा करून पाहिला. "अर्थिंग नाही," ते म्हणाले आणि ठेवला. मला जरा हायसं वाटलं. बाबा परत आले होते.

मग ते एका खोक्यासमोर थांबले. प्लॅस्टिकमध्ये एक संच होता: विमानाचं कागदी तिकीट, एक कागदी क्रेडिट कार्ड आणि एक लाल पासपोर्ट. वर सोनेरी अक्षरं.

त्यांनी तो घेतला आणि सरळ गल्ल्याकडे गेले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी मागोमाग गेले.

आंटींनी त्यांना पेन दिलं. "नाव लिहा, अंकल. नाहीतर दुसरं कुणी घेऊन जाईल."

"कुठल्या भाषेत?"

"तुमच्या. तिला वाचता आलं पाहिजे ना."

बाबा सासूबाईंना कधी नावाने हाक मारत नसत. 'अगं' किंवा 'ऐकलंस का' यावर पंचेचाळीस वर्षं भागली. आता त्यांनी पासपोर्ट गल्ल्यावर ठेवला आणि नाव लिहिलं: माहेरचं नाव, सासरचं नाव, वडलांचं, आडनाव. खाली पत्ता लिहिला, पुण्याचा, पिनकोडसकट. मग थबकले. "पत्ता घरचा द्यायचा की आत्ताचा?"

"आत्ताचा तुम्हाला माहीत आहे?" आंटींनी विचारलं.

"नाही."

"मग घरचाच द्या. सापडतं त्यांना."

भट्टी मोठी होती, उष्णता दहा फुटांवरून लागत होती. बाबांनी संच आत टाकला. प्लॅस्टिक आकसलं आणि मग तिकीट पेटलं. पासपोर्टाला वेळ लागला. ते तिथे उभे राहून पूर्ण जळेपर्यंत बघत होते, जसे खात्यात नवीन ट्रान्सफॉर्मर चालू करताना बघत असतील तसे. मला त्यांना सांगायचं होतं, की मीच त्यांना दोन वर्षं पुढे ढकललं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "बाबा, मी त्या वेळी..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण रांगेत माझा नंबर तुझ्याआधी आहे. तू मागे थांब."

आंटींनी दोघांच्या हातांत एकेक संत्रं दिलं आणि शिट्टी वाजवत पुढच्या माणसांकडे गेल्या.

मेट्रोने परतलो. बाबांनी घरी येऊन आंघोळ केली, शर्ट स्वतः धुतला. मला वाटलं, झालं, विषय संपला. उद्या पत्राचं पाचवं पान. पण संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि खात्यातला प्रश्न सोडवावा तशा आवाजात म्हणाले, "इथला टुरिस्ट व्हिसा किती दिवसांचा असतो?"

"तीस दिवसांचा. तुमचा वाढवून घेतला होता. का?"

"मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे."

"हो."

"पण समजा, धरून चाल, पासपोर्ट पोचला. तर ती येणार. आणि ती एकटी कुठे जाणार? तिला इंग्रजी येत नाही. साधा रस्ता ओलांडायला तिला माझा हात लागायचा."

मी गॅस बंद केला. ते उत्तराची वाट पाहत होते. मी म्हटलं, "सोमवारी रजा टाकते."

अशा रीतीने सात आठवडे ब्लॉकखालच्या बाकड्यापलीकडे न गेलेल्या माणसाने परतीआधीच्या नऊ दिवसांत सगळं सिंगापूर पालथं घातलं. मी तीन दिवस रजा काढली, दोन दिवस आजारी पडले, आणि एका दिवशी नवऱ्याचा रिलीज मी स्वतः रद्द करवला. बाबांनी प्रत्येक ठिकाणी तक्रार केली. नदीवरची बोट हळू. उंच इमारतीवरून खाली पाहायला घेतलेलं तिकीट वाया, घरीही नववा मजला आहेच. पण प्रत्येक ठिकाणी ते पुढे जाऊन पाटी वाचत आणि मोठ्याने मराठीत भाषांतर करत. मला ती भाषांतरं नको होती, मुलीलाही नको होती. आम्ही दोघी गप्प ऐकत होतो. मुलीने एकदाच माझ्या कानात विचारलं, "आजोबा 'हू'ला सांगतायत?" मी म्हटलं, "ऐक नुसतं."

शेवटच्या दिवशी ऑर्किडच्या बागेत गेलो. जांभळी, पिवळी, ठिपक्यांची, हजारो फुलं. बाबा एका कमानीखाली थांबले. वाकून एक फूल हुंगलं, दुसरं हुंगलं.

"वासच नाही," ते म्हणाले. "तिला नसतं आवडलं."

"आवडलं असतं, बाबा."

"अगं, मोगऱ्याशिवाय दुसरं फूल तिने डोक्यात घातलं नाही कधी."

"तुम्ही दुसरं आणलंत कधी?"

ते भडकले. मी पण ऐकून घेतलं नाही. आईंना अबोली आवडायची, मी म्हटलं, दर फोनवर त्या मला विचारायच्या, तिकडे अबोली मिळते का? ते म्हणाले, अबोलीलाही वास नसतो. मी म्हटलं, तेच तर सांगतेय. मुलगी आमच्यापासून दहा पावलं पुढे चालत होती, आपण यांच्या ओळखीच्या नाही असं दाखवत. फाटकापर्यंत आम्ही सासूबाईंना काय आवडायचं यावरून भांडत गेलो.